दोन गोणी खडे मीठ

आमच्या सोसायटीचं नाव सागरतीर.
भुसावळात.
बिल्डरची सासुरवाडी अलिबागची, एवढंच कारण.

इथून समुद्र म्हणजे
तापीचा पदर धरून सुरतेपर्यंत जायचं
आणि मग आणखी थोडं.
नदी जाते. आम्ही
पॅसेंजरचं तिकीट काढून परत करतो.

जाताना त्याने ओपन स्पेसमध्ये
बारा नारळ उभे करून दिले,
सिमेंटचा एक डॉल्फिन,
आणि हिरवळ,
जी माहितीपत्रकात जास्त हिरवी होती.
किल्ल्या आमच्या हातात.
मी खजिनदार झाले, कारण बँकेतून निवृत्त,
आणि त्या सभेला मी उशिरा पोचले होते.

एप्रिलमध्ये हिरवळीचा काथ्या झाला.
डॉल्फिन असा तापला
की फेगडेंच्या नातवाच्या मांडीवर
त्याच्या पाठीएवढा फोड.
दीपनगरची राख पानांवर उतरते रात्रीतून.
पुसली तर बोटाला,
नाही पुसली तर घशाला.

सभा.
वारके म्हणाले, उपटा नारळ, निंब लावा,
खाली गाड्या तरी उभ्या राहतील.
तडवी साहेब, आयुष्य यावलच्या जंगलात गेलेलं, म्हणाले,
झाड आजारी पडलं की माणसं
लगेच दुसऱ्या झाडाचं नाव काढतात.
मी दरमहा दीडशे थकवणाऱ्यांची यादी वाचली.
त्यानंतर फक्त पंखा बोलला.

सुपडू माळी दाराशी, चपला काखेत.
"नारयले मीठ लागस, ताई."

बागखर्च, पान चौदा:
खडे मीठ, दोन गोणी.
ऑडिटरने चष्मा वर केला,
बागेत लोणचं घालता का?

सुपडूने आळी केली,
बारा वाडगी, जमिनीत पुरलेली,
आणि प्रत्येकात ओंजळ ओंजळ मीठ,
आजारी माणसाची दृष्ट काढावी तसं, गप्प.
दुपारी ते पांढरं चमकत होतं.
गेटवरचा वॉचमन जेवायला गेला तेव्हा
मी वाकून बोट लावलं, जिभेवर ठेवलं.
मीठ. राख. काळी माती.
आणि दाताखाली काहीतरी कचकन,
वाळूच असावी, पाइपलाइनच्या कामातली.

अकरा मेले तरी.
सुपडूने त्यांच्या झावळ्यांचे खराटे केले,
जिन्याजिन्याला एक.

बारावा जगला, बी विंगमध्ये,
भंगाळेबाईंच्या खिडकीखाली.
त्यांचे यजमान लोको शेडला होते.
पासवर दोघं सगळा देश फिरून आली.
समुद्र एकदाच, गाडीतून:
डावीकडे दिसला,
बोगदा आला,
उजवीकडे बसलेल्या लोकांनी विचारलं काय होतं.

नियम नऊ: टँकरचं पाणी झाडांना घालू नये.
दंड रुपये दोनशे.
रात्री दहानंतर
बादलीची कडी वाजते, एकदाच,
मग कोणी तरी ती हाताने धरतं.
पाणी जमिनीत शिरताना
जो आवाज येतो, तो मला
तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो.
दंडाच्या रकान्यात
मी दर महिन्याला आडवी रेघ मारते,
पट्टी लावून.

परवा वारा सुटला.
एका झाडाचा आवाज तो केवढा असणार,
पण फेगडेंचा नातू डॉल्फिनवर बसला होता
पोतं अंथरून,
आणि मान वर करून बघत होता कुठे काय वाजतंय.

शेंड्याजवळ काहीतरी पिवळं फुटलंय.
सुपडू म्हणतो पोय आहे.
वारके म्हणतात गळून जाईल,
आणि तेच त्याखाली गाडी लावायचे बंद झालेत.

पुढच्या सभेचे विषय मी लिहून लावले बोर्डावर:
एक, पाण्याची टाकी धुणे.
दोन, थकबाकी.
तीन, नारळ लागल्यास
पहिला कोणाचा.